आधी वाक्य, मग आज्ञावली



पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील माणूस सकाळी उठल्यावर दोन गोष्टींची चौकशी करतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आहे आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले आहेत? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरून पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की त्यांतील एकेक दरवाजा आपोआप उघडतो आणि प्रत्येकातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत येते. पाणी उतरले की तो आपोआप मिटतो. मध्यरात्री तो उघडावा म्हणून कोणी कळ दाबत नाही.

हा दरवाजा कोणाची आज्ञा पाळतो? माझे उत्तर असे की तो एका वाक्याची आज्ञा पाळतो. 'पाणी अमुक पातळीला आले की उघडावे, खाली गेले की मिटावे' हे वाक्य दरवाजा घडवण्यापूर्वी कोणीतरी निश्चित केले आणि मग लोखंड, वजने व तोल यांची रचना त्या वाक्याला बांधली गेली. इशारा आणि धोका यांचेही तसेच आहे. व्यवहारात हे दोन्ही शब्द सैल आहेत. एकाचा इशारा तो दुसऱ्याचा धोका असतो. परंतु राजाराम बंधारा हे ठिकाण आणि ३९ व ४३ हे आकडे ठरल्याबरोबर त्या शब्दांवर वाद उरत नाही. ठिकाण काढून टाका, आकडे निरर्थक होतील. आकडे काढून टाका, ठिकाणाला अर्थ राहणार नाही.

एखाद्या यंत्राने किंवा संगणकाच्या आज्ञावलीने काय करावे हे ती तयार करण्यापूर्वी असंदिग्ध शब्दांत लिहून ठेवणे, याला 'विनिर्देश' असे म्हणतात. हा विनिर्देश तर्कशास्त्राच्या व गणिताच्या भाषेत मांडून, आज्ञावली त्याप्रमाणेच वागेल हे सिद्ध करण्याच्या रीतींना 'औपचारिक पद्धती' म्हणतात. मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. माझे मत असे आहे की विनिर्देश लिहिणे हे मुळात भाषेचे काम आहे. ते केवळ अभियंत्यांवर सोपवल्यामुळे सामान्य माणसाचे नुकसान होते, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने या कामात लक्ष घातले पाहिजे.

'कुटुंब' म्हणजे कोण?

एक उदाहरण घेऊ. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. थकीत पीककर्जाला दीड लाख रुपयांपर्यंत माफी आणि नियमित परतफेड करणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम, असे तिचे स्वरूप होते. अर्ज संगणकावर भरायचे होते. बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत द्यायची होती. पात्र कोण हे त्या माहितीवरून आज्ञावली ठरवणार होती.

दीड लाखांची मर्यादा सुरुवातीला माणशी नव्हती, कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील अपत्ये, अशी व्याख्या करण्यात आली होती. ही व्याख्या सुटसुटीत आहे. मात्र आपल्या गावात 'कुटुंब' हा शब्द कितीतरी अर्थांनी नांदतो. एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब. शिधापत्रिकेवर नावे असणारे ते कुटुंब. सातबाऱ्यावर सामाईक नाव असणारे भाऊ आणि त्यांची वृद्ध आई हेही एक कुटुंबच. जुन्या लिखाणात तर 'कुटुंब' म्हणजे केवळ पत्नी, हा अर्थ आपण वाचलेला आहे. करवीर किंवा कागल तालुक्यातील विकास सेवा संस्थेच्या सचिवासमोर शेतकरी बसला असता, तर 'कुटुंब म्हणजे कोण धरायचे?' असे त्याने विचारले असते आणि सचिवाने समजावून सांगितले असते. संगणकाला असा प्रश्न विचारता येत नाही आणि संगणकही आपल्याला विचारीत नाही. त्याला जो अर्थ दिला तोच खरा, आणि जो दिला नाही तो अस्तित्वातच नाही.

पहिल्या याद्यांमध्ये विसंगती आढळल्या, माहिती पडताळणीसाठी बँकांकडे परत गेली, लाभ हाती पडण्यास विलंब झाला. पुढे शासनाने कुटुंबाऐवजी व्यक्ती हे एकक धरण्याचा निर्णय घेतला. या साऱ्याला केवळ 'संगणकातील चूक' म्हणणे मला योग्य वाटत नाही. आज्ञावलीने दिलेली व्याख्या पाळली असेल, तर तिने आपले काम चोख केले. बदलावे लागले ते वाक्य. ते बदलेपर्यंत बँकेच्या दारात हेलपाटे मात्र शेतकऱ्याने घातले.

'व' या अक्षराची किंमत

आता एक छोटे उदाहरण पाहा. 'अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना सवलत मिळेल' असे वाक्य आपण नेहमी वाचतो. एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा अत्यल्प भूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असणारा अल्प भूधारक. कोणताही शेतकरी एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. म्हणून या वाक्यातील 'व' चा खरा अर्थ 'किंवा' असा आहे. त्याच पत्रकात खाली लिहिलेले असते, 'अर्जासोबत आधार कार्ड व सातबारा उतारा जोडावा'. येथे 'व' चा अर्थ 'दोन्ही' असा आहे. मराठी वाचकाला हा भेद सांगावा लागत नाही, तो प्रसंगावरून समजतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने मात्र दोन्ही ठिकाणी एकच अर्थ लावला, तर पहिल्या वाक्याप्रमाणे राज्यात एकही शेतकरी पात्र ठरणार नाही, किंवा दुसऱ्या वाक्याप्रमाणे दोहोंपैकी एकच कागद पुरेसा ठरेल.

'३१ मार्चपर्यंत' म्हणताना ३१ तारीख धरायची की नाही? 'शेतकरी किंवा त्याचे वारस' म्हणताना सर्व वारसांनी मिळून अर्ज करायचा की कोणा एकाने? उभयान्वयी अव्यये आणि शब्दयोगी अव्यये आपण व्याकरणात परीक्षेपुरती शिकतो. परंतु कोणाचे अनुदान मंजूर व्हावे आणि कोणाचा अर्ज बाद व्हावा, हे आज याच अव्ययांवर ठरत आहे.

चाचणी आणि सिद्धता

औपचारिक पद्धती नेमके काय करतात हे समजण्यासाठी आपल्या परिचयाचा व्यवहार घेऊ. असे समजू की एका गावातील दूध संस्थेला दर ठरवणारी आज्ञावली हवी आहे. म्हशीच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ या दोन मोजमापांवर ठरतो. सकाळ-संध्याकाळ पावती मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. सचिव सांगतात, 'दरपत्रकाप्रमाणे पैसे निघाले पाहिजेत.' हे वाक्य विनिर्देश म्हणून अपुरे आहे. दरपत्रकात ६.० आणि ६.१ फॅटचे दर आहेत. यंत्राने ६.०५ दाखवले तर? पैशांचे पूर्ण रुपये करायचे ते रोजच्या पावतीवर की दहा दिवसांच्या बिलावर? प्रत्येक पावतीवरचे सुटे पैसे सोडून दिले, तर दहा दिवसांच्या वीस पावत्यांत उत्पादकाचे जास्तीत जास्त वीस रुपयांच्या आसपास जातात. वर्षाच्या ३६ बिलांचा हिशेब केला तर ही रक्कम सातशे रुपयांच्या आसपास जाऊ शकते. एक म्हैस पाळणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, आणि तिच्या लक्षात येणे तर जवळजवळ अशक्य.

म्हणून विनिर्देश असा लिहावा लागेल. पहिली अट, फॅट व एसएनएफच्या संभवणाऱ्या प्रत्येक जोडीला दर असलाच पाहिजे आणि तो एकच असला पाहिजे. दुसरी अट, एसएनएफ तेच असताना अधिक फॅटच्या दुधाला कमी दर कधीही मिळता कामा नये. तिसरी अट, रुपये पूर्ण करण्याची क्रिया फक्त बिलावर, एकदाच व्हावी. या तीन वाक्यांत संगणकाचे नावही नाही. ती कोणताही दूध उत्पादक वाचू शकतो आणि मान्य किंवा अमान्य करू शकतो.

आता आज्ञावली या अटी पाळते हे कसे ओळखायचे? रूढ मार्ग चाचणीचा. दहा-वीस नमुने घालून उत्तर बरोबर येते का ते पाहायचे. पण फॅटची ९१ मोजमापे (३.० ते १२.०) आणि एसएनएफची २६ (७.५ ते १०.०) धरली, तर २,३६६ जोड्या होतात. दुधाचे माप शंभर मिलिलिटरच्या टप्प्याने पन्नास लिटरपर्यंत धरले, तर ११ लाख ८३ हजार प्रसंग होतात. हे उदाहरण लहान आहे, संगणक इतके प्रसंग तपासूनही टाकेल. परंतु लाखो खाती आणि एकाच क्षणी चालणारे हजारो व्यवहार असलेल्या बँकेचे सारे प्रसंग कोणत्याही यंत्राला एकेक करून तपासता येणार नाहीत. चाचणीने दोष असल्याचे दिसते, दोष नसल्याचे नव्हे, हा विचार डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी आग्रहाने मांडला. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. आज्ञावलीच्या प्रत्येक भागाआधी कोणती अट खरी असते आणि तो भाग पूर्ण झाल्यावर कोणती अट खरी ठरते, हे मांडून भूमितीतील प्रमेयाप्रमाणे आज्ञावलीची सिद्धता देता येते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते हे आपण प्रत्येक त्रिकोण मोजून ठरवत नाही, तसेच हे आहे.

हे केवळ पुस्तकी नाही. पॅरिसमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या चालकरहित मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गावर सुरक्षेशी संबंधित आज्ञावली 'बी' नावाच्या औपचारिक पद्धतीने तयार करण्यात आली. आपल्या राज्यातही या विद्येची परंपरा आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये, पवईच्या आयआयटीत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आज्ञावलींच्या पडताळणीवर संशोधन झाले आहे. मात्र हे काम मुख्यतः इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या वर्तुळात राहिले. गावच्या संस्थेच्या दप्तरापर्यंत ते आलेले नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या मतावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा व खर्चाचा. 'आधी सुरू करू, अडचणी आल्या की दुरुस्त करू' ही आज्ञावली क्षेत्रातील प्रचलित रीत आहे, आणि ती सर्वत्र चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. गाण्यांची यादी दाखवणारी आज्ञावली चुकली तर कोणाचे काही बिघडत नाही. लोकांनी वापरून पाहिल्याशिवाय नेमके काय हवे हे कळत नाही, हेही खरे आहे. परंतु पेन्शन, शिष्यवृत्ती, कर्ज, औषधाचे प्रमाण, धरणाचा विसर्ग अशा ठिकाणी ही रीत वापरणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च स्वतः न करता नागरिकाच्या माथी मारणे होय. वाचलेला वेळ नाहीसा होत नाही. तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या दिवसांतून वसूल होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सिद्धता एवढेच सांगते की आज्ञावली विनिर्देशाप्रमाणे वागते. विनिर्देशच चुकीचा असेल तर? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. आधीच्या अग्निबाणात तो निर्दोष चालला होता. नव्या अग्निबाणाच्या आडव्या वेगाशी निगडित आकडा मात्र त्यासाठी राखलेल्या सोळा बिटांच्या जागेत मावला नाही. त्या आज्ञावलीमागे 'आकडा अमुक मर्यादेत राहील' हे गृहीत होते. जुन्या घरात ते खरे होते, नव्या घरात खरे राहिले नाही, आणि घर बदलताना कोणी ते पुन्हा वाचून पाहिले नाही. 'कुटुंब' या शब्दाची गोष्टही वेगळी नव्हती. दिलेल्या व्याख्येशी तंतोतंत प्रामाणिक राहूनही आज्ञावली अन्याय करू शकते.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. औपचारिक पद्धती न्याय कशात आहे हे ठरवून देत नाहीत. त्या फक्त प्रश्न योग्य जागी आणून ठेवतात. आज्ञावलीच्या हजारो ओळींत दडलेला निर्णय एका वाक्यात उघडा होतो, आणि उघड्या वाक्यावर ग्रामसभेत, विधिमंडळात किंवा न्यायालयात वाद घालता येतो. दडलेल्या निर्णयावर वाद घालता येत नाही. त्याच्यापुढे फक्त 'सिस्टीम घेत नाही' एवढे उत्तर ऐकून परत फिरता येते.

आपल्याच परंपरेतील नमुना

चांगला विनिर्देश कसा असतो, याचा नमुना आपल्या अभ्यासक्रमाच्या परिसरातच आहे. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेले रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवा. त्यातील आरमाराच्या लाकडाविषयीचा आदेश पाहा. आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत, हा नियम. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याच्या संमतीने व मोबदला देऊन घ्यावे, हा अपवाद. नियम, कारण आणि अपवाद या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. कारण लिहिलेले असल्यामुळे, नियमात न बसणारा प्रसंग उद्भवल्यास अंमलदाराला कसा विचार करावा हे कळते.

त्याहून कितीतरी प्राचीन अशा पाणिनीच्या व्याकरणात सुमारे चार हजार सूत्रे आहेत. दोन सूत्रांत विरोध आला तर कोणते लागू करायचे, हे सांगणारे सूत्रही त्याच ग्रंथात आहे. आजच्या कितीतरी शासकीय पत्रकांत ही तजवीज नसते. दोन निकष परस्परविरुद्ध पडले, तर अर्ज 'प्रलंबित' या शब्दाखाली पडून राहतो.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित पण ठाम आहे. प्रत्येक आज्ञावलीला गणिती सिद्धता हवी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु जी आज्ञावली एखाद्या नागरिकाचा हक्क ठरवते, तिचा विनिर्देश नागरिकाच्या भाषेत लिहिलेला असावा. तो सर्वांना पाहता यावा. त्यावर तारीख असावी, प्रत्येक नियमामागचे कारण असावे, आणि नियम बदलल्यास जुने वाक्य व नवे वाक्य दोन्ही दिसावीत. मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. कारभाराचे निर्णय आज्ञावलीकडे गेले असताना भाषा केवळ पडद्यावरच्या मथळ्यांपुरती उरली, तर त्या म्हणण्याला फारसा अर्थ राहणार नाही.

आपण काय करू शकता?

आपल्यापैकी अनेक जण नोकरी किंवा शेती सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी पतसंस्थेत आहे, कोणी अंगणवाडीत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी कारखान्याच्या शेती कार्यालयात. नियम कागदावर कसा असतो आणि खिडकीवर कसा लागू होतो हे आपण रोज पाहता. हा अनुभव वर्गात बसलेल्या तरुण अभियंत्याजवळ नसतो.

पुढील संपर्कसत्रापूर्वी एक काम करून पाहावे. आपल्या कामाच्या ठिकाणचा किंवा घरी आलेल्या एखाद्या अर्जावरचा एकच नियम निवडा. त्यातील 'व', 'किंवा', 'पर्यंत', 'प्रत्येक' हे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाचा अभिप्रेत अर्थ बाजूला लिहा. नियमात न बसणारा एक खराखुरा प्रसंग आठवून त्याखाली नोंदवा. त्यानंतर तो नियम नव्याने लिहा: नियम, कारण आणि अपवाद. लिहिलेले वाक्य अशा व्यक्तीला वाचून दाखवा, जिला त्या नियमाचा लाभ मिळायचा आहे. तिने 'म्हणजे कोण?' किंवा 'म्हणजे कधी?' असे विचारले, तर वाक्य अद्याप पूर्ण झालेले नाही असे समजावे आणि पुन्हा लिहावे.

राधानगरीचा दरवाजा रात्री उघडतो तेव्हा खालच्या गावांतील माणसे झोपलेली असतात. तो वेळेवर उघडेल असा भरवसा त्यांना असतो, कारण त्याने काय करायचे हे आधीच ठरलेले आहे. आपल्या अर्जाचा निकाल देणाऱ्या यंत्राबद्दलही असा भरवसा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि तो मागण्यासाठी लागणारी वाक्ये लिहिणे आपल्याला जमले पाहिजे.